शिवाजीनगर कोर्टात साडेतीन दिवस

रविवार

बार्शीहून सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून खिडकीची जागा मिळवायला जरा जास्त धावावं लागतं, पण मिळाली. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण. पौषातलं ऊन काचेतून मांडीवर पडत होतं आणि मांडीवर फायलीची पिशवी. पिशवीत एका पतसंस्थेच्या खटल्याची कात्रणं, ठेवीदारांच्या अर्जांच्या झेरॉक्स आणि सोळा अक्षर-आकड्यांचा एक सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाच्या संगणकातला खटल्याचा क्रमांक, जो आता मला स्वतःच्या फोन नंबरासारखा पाठ आहे.

संस्थेचं नाव लिहीत नाही, खटला चालू आहे. मुख्य कचेरी पुण्यात, एक शाखा आमच्या बार्शीत, म्हणून ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या 1999 च्या कायद्याखालचा हा खटला पुण्याच्या विशेष न्यायालयात. आमच्या गावातल्या ठेवीदारांत निवृत्त मास्तर आहेत, पिठाची गिरणी चालवणारे आहेत, मुलीच्या लग्नासाठी एफडी ठेवलेली एक शिवणकाम करणारी बाई आहे. दर महिन्याला कुणीतरी मी चालवते त्या साप्ताहिकाच्या कचेरीत येऊन विचारतं, "काय झालं हो आपल्या केसचं?" मी कोर्टाच्या ई-कोर्टस्‌ ॲपमध्ये बघून पुढची तारीख सांगते. गेलं वर्षभर मी त्यांना फक्त तारखाच सांगतेय हे दिवाळीत एकदम लक्षात आलं आणि लाज वाटली. म्हणून ही फेरी.

स्वारगेटला उतरून मेट्रोने मंडई, तिथून चालत सदाशिव पेठेत मावशीकडे. मावशीने दारातच पिशवी हातातून घेतली आणि "किती वाळलीस" हे वाक्य टाकलं, जे ती 1998 पासून टाकते. काका दिवाणी बाजूचे वकील, आता घरी असतात. आणि ताई, म्हणजे मावसबहीण, गेल्या उन्हाळ्यापासून घरी आहे. ती चांगली चार वर्षं जॉर्जिया देशात, त्बिलिसीला होती. तिथल्या वार्ताहरांना कोर्टाचं वार्तांकन शिकवणाऱ्या एका संस्थेत हिशेब आणि अहवाल बघायची. संस्था परदेशी मदतीवर चालायची. 20 जानेवारी 2025 ला अमेरिकेने परकीय मदत नव्वद दिवसांसाठी थांबवली आणि ते नव्वद दिवस काही संपले नाहीत. 1 जुलैला यूएसएआयडी या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचं काम अधिकृतपणे थांबलं. ताईची खोली त्याआधीच रिकामी झाली होती.

खरं सांगायचं तर मी मनात एक बेत घेऊन आले होते. जेवणं झाल्यावर ताईला हळूच विचारलं, "आमच्यासारख्या साप्ताहिकाला असं काही अनुदान मिळत असेल का गं? महिन्यातून चार दिवस कुणीतरी पुण्याला येऊन कोर्टात बसेल एवढंच."

ताई हसली नाही. काका हसले. उठून कपाटातून परकीय योगदान विनियमन कायद्याचं पातळ पुस्तक काढलं, 2010 चा कायदा, आणि कलम 3 वर बोट ठेवलं. "वाच मोठ्याने."

परदेशी पैसा कुणी घ्यायचा नाही याची ती यादी आहे. निवडणुकीचा उमेदवार. त्याखाली नोंदणीकृत वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक. आणि लगेच त्याच्या खालच्या ओळीत न्यायाधीश. आमच्या साप्ताहिकात वार्ताहर, संपादक, मालक आणि प्रकाशक मीच आहे, म्हणजे एका कलमात मी चार वेळा बसते. व्यंगचित्रकार तेवढा आमच्याकडे नाही.

"ही यादी नवी नाही," काका म्हणाले, "1976 च्या कायद्यातही होती. आणीबाणीतली." आणि मग 2020 ची दुरुस्ती सांगितली: ज्या संस्थांना परवानगी आहे त्यांनीही मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायचा नाही, कार्यालयीन खर्च पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर, आणि पैसा यायचा तो स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच.

मी म्हटलं, "म्हणजे न्यायाधीश आणि संपादक एका ओळीत."

"एकाखाली एक," काकांनी दुरुस्त केलं. वकील.

सोमवार

मंडईहून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्टेशन. मध्ये कुठेतरी डोक्यावरून मुठा वाहत असते, कळतसुद्धा नाही. स्टेशन इतकं खोल आहे की सरकत्या जिन्यांवरून वर येता येता माझ्या पुढच्या बाईने अख्खा फोन उरकला. वर आलं की समोर कोर्टाचं आवार: काळे कोट, झेरॉक्सवाले, टायपिंगवाले, झाडाखाली नोटरी, आणि चहा.

बोर्ड पाहिला. आमचा खटला सत्तावीस नंबरवर. कोर्टहॉलमध्ये मागच्या बाकावर बसले. कुणी "तुम्ही कोण?" विचारलं नाही. विचारायचं कारणही नाही, कोर्ट खुलं असतं. पण मला सवय नसल्याने उगाच पदर सावरून, वही मांडीखाली धरून बसले होते, कॉपी करायला आलेल्या पोरीसारखी.

पुकारा व्हायला साडेबारा वाजले. साक्षीला एक पंच होता, साठीचा माणूस, पांढरी टोपी हातात. संस्थेच्या कचेरीतून वह्या जप्त केल्या त्या पंचनाम्याचा पंच. मुद्देमालाचं पार्सल आणलं. खाकी कागद, वर सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाल लाखेचं सील, आणि एका कडेला ते सील आधीच तडकलेलं. बचावाच्या वकिलांनी पहिला प्रश्न त्या तड्यावरच विचारला. मग लिपिकाने ब्लेडने सुतळी कापली. लाखेचे दोन कपचे टेबलावर पडले ते त्याने तळहाताने गोळा केले आणि पुन्हा पार्सलच्याच कागदात ठेवले. इतक्या जपून, की मला घरी देवाची अक्षता उचलणारी आई आठवली.

यादी वाचली गेली. रोजकीर्द, तीन. कर्जरोख्यांची फाइल. सभावृत्तांत. जाहिरात खर्चाची व्हाउचर फाइल, एक.

मी लिहीत होते ते थांबले. त्या फायलीत आमच्या साप्ताहिकाची पावती असणार. एक नाही, पाच-सहा तरी. दिवाळी अंकाचं मागचं पान सलग तीन वर्षं या संस्थेचं होतं. अध्यक्षांचा फोटो, हात जोडलेले, खाली "विश्वासाची परंपरा". त्या पानाच्या पैशातून त्या वर्षी छपाईचं बिल भागलं होतं. पहिली दोन वर्षं वडिलांच्या सहीची पावती. तिसऱ्या वर्षी माझ्या.

पंचाला विचारलं, सही करण्याआधी पंचनामा वाचला होता का? तो म्हणाला, "साहेब, वाचून दाखवला होता. सगळं ध्यानात नाही राहिलं." दुसरा साक्षीदार हजर नव्हता. पुढची तारीख. मी घड्याळ पाहिलं: अकरा मिनिटं.

त्या अकरा मिनिटांत ठेवीदारांपैकी कुणी हॉलमध्ये नव्हतं. वार्ताहर मी एकटी.

दोनच्या सुट्टीत बाहेर येऊन मिसळ खाल्ली (बार्शीकराला गोडच लागली, पण पुण्यात हे बोलायचं नसतं). दुपारी जवळच महापालिका असल्याने तिकडेही डोकावले. सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना फायली बघू द्यायची इथली जुनी पद्धत. तीच पुढे राज्य सरकारने 2018 मध्ये इतर जिल्ह्यांतल्या कार्यालयांना लागू केली. दोन ज्येष्ठ नागरिक रस्त्याच्या कामाची मोजमापं वहीत उतरवत होते, एकाकडे जेवणाचा डबा. त्यांना कुठलं अनुदान नव्हतं. पेन्शन होतं.

रात्री ॲप उघडलं. आजच्या तारखेपुढे एक ओळ चढली होती: साक्ष अंशतः नोंदवली, पुढील तारीख. खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त तड्याचं सील नव्हतं, टोपी हातात धरलेला पंच नव्हता, व्हाउचर फाइल नव्हती.

ई-कोर्टस्‌ला मी नावं ठेवणार नाही. दहा वर्षांपूर्वी नुसती तारीख कळायला वकिलाच्या कारकुनाला चहा पाजावा लागे. आता मास्तरांचा नातूही बघतो. आणि तो पैसा आपलाच आहे, तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने 2023 मध्ये 7,210 कोटी मंजूर केले. कागद स्कॅन होतील, साठतील. पण ते उघडून बघायला मागच्या बाकावर कुणीतरी यावं यासाठी कुठल्याच खात्यात रक्कम नाही, आणि ती सरकारने द्यावी असंही मला वाटत नाही. मग कुणी द्यावी, हा विचार डोक्यात घेऊन झोपले. झोप लागली नाही.

मंगळवार

आजचं काम नकलेचं. कालच्या साक्षीची आणि पंचनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल हवी होती.

इथे माझीच चूक झाली. अर्ज बार्शीतच लिहून आणला होता आणि वर ठसठशीत अक्षरात "माहितीच्या अधिकाराखाली". नक्कल विभागातल्या बाईंनी तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, पार्टी आहात का तुम्ही?" नाही. "मग त्रयस्थ म्हणून अर्ज करा. कारण लिहा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. साहेबांपुढे जाईल." आवाजात वैताग नव्हता, उलट त्यांनी कोऱ्या कागदावर मथळा कसा असतो तेही लिहून दाखवलं.

काका काल रात्री हेच सांगत होते आणि मी जांभया देत होते. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगून टाकलंय की न्यायालयीन कागदांसाठी न्यायालयाचे स्वतःचे नियम असतील तर त्या वाटेने मागा, माहिती अधिकाराच्या नाही. पक्षकार नसाल तर कारण द्या. म्हणजे हॉलमध्ये बसायला कारण लागत नाही. तिथे जे बोललं गेलं त्याचा कागद मागायला लागतं.

झाडाखाली प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलं. टायपिस्टने विचारलं, "कारण काय टाकू?" मी म्हटलं, "वृत्तपत्रात अचूक वृत्तांत देण्यासाठी." तो थांबला. "एवढंच?" मग स्वतःहूनच "जनहितार्थ" जोडलं. राहू दिलं. कोर्ट फी स्टॅम्प, नोटरीचा शिक्का, अर्ज आत. पावती मिळाली. आदेश व्हायला दिवस लागतील.

दुपार मोकळी होती, म्हणून नारायण पेठेत केसरीवाड्यात गेले. लहानपणी शाळेच्या सहलीत टिळकांची पगडी पाहून आले होते. या वेळी गेले ते वेगळ्या कारणाने. आपल्याकडे शोधपत्रकारितेचा विषय निघाला की टिळकांचे राजद्रोहाचे खटले निघतात, 1897 आणि 1908. मला त्याआधीचा हवा होता, 1882 चा. केसरी दीड वर्षाचा. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय, त्यात कारभारी बर्वे यांचा हात आहे, अशी पत्रं हाती आली. ती छापली. पत्रं बनावट निघाली. अब्रूनुकसानीचा खटला, कोर्टात माफीही मागितली, तरी आगरकर आणि टिळक दोघांना चार महिन्यांची सजा. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस. दोघंही तेव्हा सव्वीस वर्षांचे. छळ खरा होता, कागद खोटे होते. सुतळीच्या गाठीवरचं सील तडकलंय का, हे तेव्हाही कुणीतरी बघायला हवं होतं.

आणि त्या खटल्यातली दुसरी गोष्ट. जामिनाला दहा हजार रुपये लागले. 1882 चे दहा हजार. ते उभे केले रामशेठ उरवणे यांनी, जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून. केसरीची आणि जोतीरावांची मतं कुठे जुळत होती? शाळकरी इतिहासात हे पान घाईत उलटलं जातं. वाड्याच्या अंगणात पाच-दहा मिनिटं त्याचाच विचार करत उभी राहिले. पहारेकरी दोनदा बघून गेला.

रात्री गच्चीवर ताई मोकळी झाली. इतके दिवस तिच्याकडून "बंद पडलं" एवढंच ऐकत होतो.

ती म्हणाली, परदेशी मदतीतून जगभर साधारण एकाच तऱ्हेची कामं होतात. खटला कुठल्या न्यायाधीशाकडे जायचा ते संगणकाने ठरवायचं. सुनावणीचं ध्वनिमुद्रण. निकाल सगळ्यांना वाचता येतील असे ठेवायचे. आणि दुसऱ्या बाजूला, ते वाचू शकतील असे वार्ताहर तयार करायचे. तिने लॅपटॉपवर युक्रेनची निकालांची नोंदवही उघडून दाखवली. 2006 पासूनची, फुकट. युद्ध पेटल्यावर काही काळ बंद होती, मग पुन्हा उघडली. प्रत्येक निकालात खासगी माणसाचं नाव खोडून "ओसोबा 1", "ओसोबा 2", म्हणजे व्यक्ती 1, व्यक्ती 2. मला त्या लिपीतलं अक्षर कळत नव्हतं, पण ओळीओळीतून तो शब्द डोकावत होता. आपला पंच तिथे असता तर ओसोबा 7 वगैरे झाला असता.

"आणि जॉर्जिया?"

"तिथे 2013 मध्ये कोर्टाची दारं कॅमेऱ्याला उघडली होती. आमचे पोरं-पोरी त्यावरच शिकले." मग 2024 मध्ये कायदा आला: वीस टक्क्यांहून जास्त पैसा बाहेरून येत असेल तर परकीय हितसंबंध जपणारी संस्था म्हणून नोंद करा. रस्त्यावर माणसं उतरली, तरी झाला. एप्रिल 2025 मध्ये परदेशी अनुदानाला सरकारची संमती सक्तीची. त्याच वर्षी कोर्टात चित्रीकरण बंद. ऑगस्टमध्ये म्झिया अमाग्लोबेली या पत्रकार बाईंना दोन वर्षांची कैद. "आमच्या ऑफिसातली अर्धी मुलं तिच्या सुनावणीला उभी असायची. पगार नसताना."

काका गच्चीवर आलेच. "पण ज्याचा पैसा त्याची वाजंत्री, हे चुकीचं आहे का? डिसेंबर 24 मध्ये नाही का गाजलं?" ओसीसीआरपी या शोधपत्रकारांच्या जाळ्याला सगळ्यात जास्त पैसा अमेरिकन सरकारचा, असं युरोपातल्या पत्रकारांनीच छापलं होतं, त्यावरून आपल्याकडे सत्ताधारी पक्षाने आरोप केले आणि अमेरिकेच्या दूतावासाने ते फेटाळले.

"चुकीचं नाही, बाबा," ताई म्हणाली. मला वाटलं होतं ती भांडेल. "आम्ही काय छापायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण आम्ही कशासाठी जगू शकतो ते त्यांनी ठरवलं, आणि एका सोमवारी सहीने संपवलं. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने आकडा दिला होता: 2023 मध्ये 6,200 पत्रकार आणि 707 बिगरसरकारी माध्यमं त्या मदतीच्या आधाराने होती. 2025 साठी 26.8 कोटी डॉलर धरले होते. मी त्या 6,200 मधल्या पन्नासेक जणांच्या पावत्या लावायचे." मग जरा वेळाने, "आमच्या एका मुलीने जाताना विचारलं, तुमच्या देशात पत्रकारांना पैसे कोण देतं? मी म्हटलं, जाहिराती."

मी काहीच बोलले नाही. व्हाउचर फायलीचं मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. सगळं, तिन्ही वर्षांचं.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "परदेशातून आलेला पैसा निदान कलमात तरी लिहिलाय." आणि खाली निघून गेले. सासवडच्या तारकुंड्यांचा विषय तेवढ्यात निघता निघता राहिला. न्यायमूर्ती असताना त्यांनी एका साक्षीदाराची साक्ष छापू नका असा तोंडी हुकूम दिला होता. त्यावर मिरजकर नावाचा वार्ताहर सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1966 मध्ये नऊपैकी आठ न्यायमूर्तींनी त्याच्याविरुद्ध कौल दिला. पुढे हेच तारकुंडे नागरी हक्कांसाठी आयुष्यभर लढले. काकांना हा किस्सा फार प्रिय आहे. पुढच्या खेपेला ऐकेन.

बुधवार

सकाळी पुन्हा नक्कल विभाग. आदेश नव्हता, अपेक्षाही नव्हती. त्या बाईंनी पुढच्या आठवड्यात चौकशी करायला सांगितलं आणि "तुम्ही बार्शीच्या ना, भगवंताच्या देवळाजवळ माझी आत्या असते" असं म्हणाल्या. ताई सोबत आली होती. तिने मागच्या बाकावर बसून बघितलं, दोन खटले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली की पुढच्या तारखेला तुला जमलं नाही तर मी बसेन, घर इथून चार स्टेशनंही नाही. मी म्हटलं, पैसे देता येणार नाहीत. "मागितले का?"

दुपारची गाडी. भिगवणला गाडी थांबली तेव्हा मास्तरांचा फोन. त्यांचे साडेचार लाख अडकलेत.

"काय झालं गं?"

वही काढून वाचून दाखवलं. पार्सल, सुतळी, तडकलेलं सील, पंच काय म्हणाला, यादी. यादीतल्या शेवटच्या फायलीशी आले तेव्हा जरा अडखळले, पण वाचलं.

"त्यात तुमच्या पेपरचीही पावती असंल," मास्तर म्हणाले. त्यांनी ते मागचं पान पाहिलेलं होतंच, अंक त्यांच्या घरी येतो.

"असेल. तीन वर्षांच्या आहेत. तेही छापणार आहे, रकमेसकट."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. गाडीत कुणीतरी शेंगा सोलत होतं. मग त्यांनी विचारलं, "एकूण किती वेळ चाललं म्हणालीस?"

"अकरा मिनिटं."

"मग सगळी अकरा लिही. गुरुवारच्या अंकात जागा आहे का?"

मागचं पान रिकामं होतं.